वीस इंची

म्हापशाच्या दुकानात ब्राझने विचारलं, "कोणाक? पुताक?"
"म्हाका," म्हटलं.
त्याने आधी माझ्या पोटाकडे पाहिलं, मग गुडघ्यांकडे,
मग हातातला पाना ठेवला आणि गंभीरपणे टेप काढला.

भला माणूस. हसला नाही.
म्हणाला, बीएमएक्सचं चाक वीस इंची, पोराला तेच, बापाला तेच,
मोजायची ती वरची नळी.
तुम्हाला एकवीस हवी,
नाहीतर गुडघे रोज हँडलला जाऊन भेटतील.
ती निळी नको, दिसते छान, पण साधं लोखंड,
तुमच्या ब्याऐंशी किलोंना चार उड्यांत वाकेल.
ही काळी बघा. क्रोमोली. जोड बघा.
मी अंगठा फिरवला जोडावरून,
मुंग्यांच्या रांगेसारखा वेल्ड, कुठे रांग मोडलेली नाही.
टिप्परची चासीसही मी अशीच तपासायचो,
पहाटे चारला, बोटांनी.

गिअर नाही. पुढे ब्रेक नाही.
सीट इतकी खाली की ती बसायला नव्हेच,
"ती हांगा आसा, इतलेंच," ब्राझ म्हणाला.
माझी तर सगळी वर्षं बसून गेली:
अकरा टिप्परवर,
मग खाण बंद, दोन वर्षं पायरीवर,
आता सहा बालरथवर, छत्तीस पोरं आणि त्यांच्या वॉटरबॅगा.

घरी विशाखाने तिच्याभोवती एक फेरी मारली.
"बाकीची कधी येणार?" एवढंच बोलली.

डिचोलीच्या वर आमच्या खाणीचं फाटक अजून आहे,
फाटकाला फटीदादा आहे,
आणि फटीदादाला पगार आहे, कधीमधी.
त्याने दांडा वर केला, पूर्ण, दहाचाकीला करतात तसा.
आत रस्ता तोच, लाल, माझ्या हातांना पाठ,
फक्त डंपांवर अकेशिया माजलाय
आणि खड्ड्यातलं पाणी हिरवं होऊन बसलंय.

उभ्याने पेडल मारायचं.
चाक एवढं लहान की प्रत्येक खडा नाव सांगून जातो.
टिप्परमध्ये आम्ही कोंबडीवरून गेलो तरी कळायचं नाही
(गेलो नाही, फटीदादा, तू सांगतोस तसं नाही).
ज्या वळणावर दहा टन पाठीमागून ढकलायचे
तिथे आज मला कोणी ढकलत नाही,
जी काय उतरण आहे ती माझ्याच पोटाची.

पहिल्या उडीला चाकं उठलीच नाहीत.
दुसऱ्या उडीला मी उठलो, सायकल राहिली.
डंपावरून कोणी खिदळलं:
मिताली, सहावीतली, रोज माझ्या मागच्या सीटवर बसते,
भावाची सायकल घेऊन आलेली.
"अंकल, आधी पुढचं चाक छातीशी घ्या,
मग पाय मागे खरवडा, मांजर खरवडते तसे."
बसमध्ये मी तिला रोज ओरडतो, हात बाहेर काढू नको म्हणून.
इथे ती मला ओरडली, सहा वेळा.
सातव्यांदा ती सुकलेली गटार
माझ्या खालून गेली.

वीतभर असेल. कोपर सोललं ते त्यानंतर, उतरताना.
लाल माती जखमेत गेली की लवकर निघत नाही,
हे विशाखाला ठाऊक आहे,
पूर्वी माझे शर्ट धुऊन धुऊन ठाऊक झालेलं.

परतताना काट्यावर थांबलो.
पत्र्याखाली यंत्र मेलंय, तरी सवयीने थांबलो,
इंजिन बंद करायला हात गेला, किल्ली नव्हती.
फटीदादाने जुनं रजिस्टर काढलं, फुंकर मारली,
चष्मा लावून लिहिलं:
वाहन – सायकल, लहान. माल – नाही.
वजनाच्या रकान्याशी पेन अडलं.
"किती घालूं?"
मला सुचेना.
मिताली मागून म्हणाली, वीतभर लिहा.
तो म्हणाला, वजन वितीत नसतं गो बाय,
आणि पेन कानाला लावून
तिच्या भावाच्या सायकलची चेन बसवायला वाकला.